रशीदाचं दुसरं औषध

आर्णीत दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर रहमतभाईंचं गाद्यांचं दुकान आहे. छताला पंखा आहे, पण त्याच्या बटणावर रशीदानं जाड चिकटपट्टी मारून ठेवली आहे. पूर्वी नवं गिऱ्हाईक आत आलं की उकाड्यानं त्याचा हात आपसूक बटणाकडे जायचा आणि पिंजून ठेवलेला कापूस आख्ख्या दुकानात उडायचा. एकदा तर तो समोरच्या चहावाल्याच्या पातेल्यात जाऊन बसला होता. चहावाल्यानं तो चहा रहमतभाईंनाच पाजला आणि पैसेही घेतले. पट्टी त्या दिवसापासूनची.

रहमतभाई मशीनवर कापूस पिंजतात. गादी भरणं आणि टाके घालणं हे रशीदाचं काम. उंच, हाडकुळी बाई. ओढणी मागे घट्ट बांधलेली, भुवयांवर कायम थोडा कापूस. तिची मुलगी अतिया माझ्या वर्गात होती, तेव्हापासून मी तिला ओळखते. अतिया आता लग्न होऊन वणीला आहे आणि मीही शाळेतून निवृत्त झाले, पण रशीदा मला अजून 'बाई'च म्हणते आणि माझ्यासमोर खुर्चीवर बसायला अजून संकोचते.

तिच्या कामाची एक रीत आहे. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी ती आधी विचारते, "कोन झोपनार?" बाळंतीण असेल तर कापूस वेगळा, कंबर धरलेला म्हातारा असेल तर वेगळा. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ एकदा चिडून म्हणाले होते, "अवं, मानूसच झोपनार, बैल थोडीच झोपनार हाय!" रशीदा शांतपणे म्हणाली, "मानूस केवढा ते सांगा ना भाऊ." शेवटी त्यांना सासूचं वजन सांगावंच लागलं. दुसरी गोष्ट, कोणाचाही जुना कापूस ती कधी खराब म्हणत नाही. गादी उसवून आत काळाठिक्कर गोळा निघाला तरी हातात घेऊन म्हणते, "थकला बिचारा."

दोन-तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी रजई टाकायला गेले, तर रशीदा दुकानाच्या बाहेर उभी. लोक कानाला मफलर बांधून चाललेले, आणि ही पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन वारा घालते आहे. चेहरा लालबुंद, मानेवरून घामाची धार.

आतून रहमतभाई म्हणाले, "बाई, तुमी पन शेकून घ्या. हिची भट्टी लागली हाय. लाकडं नाही लागत, कोळसा नाही लागत."

"तुमी मशीन पाहा तुमची," रशीदा म्हणाली. एरवी अशा बोलण्यावर ती हसते. त्या दिवशी हसली नाही.

चारेक दिवसांनी ती रजई घेऊन माझ्या घरी आली. रजई दिवाणावर ठेवली आणि फरशीवर बसून गाल भिंतीला टेकवला. भिंत थंड होती. 

"बाई, मले कायतरी झालं," ती म्हणाली. "आंगातून जाळ निंगते. दिवसातून कितीकदा. रात्री तर पांघरून फेकून देते, मंग थंडी वाजते, मंग पुन्हा घेते. झोपच नाही. काल टाका चुकला माह्या हातून. लग्नाच्या गादीचा टाका, बाई! उसवून पुन्हा घातला."

शेवटची पाळी मागच्या रमजानात आली होती, त्याला वर्ष होत आलं होतं. या वयात असं होतं, हे तिलाही माहीत होतं. तिच्या आईला, मावशीला झालं होतं. पण त्यांना दुकानात बसायचं नव्हतं. रशीदाला दिवसभर पंखा नसलेल्या खोलीत, कापसाच्या ढिगात बसायचं होतं.

मी म्हटलं, "डॉक्टरांकडे जाऊ."

"याच्यासाठी काय डॉक्टर? म्हातारपनाले औषध असते काय?"

"तू बावन्न वर्षांची आहेस. मी अडुसष्टची. मग मी कोण?"

यावर मात्र ती हसली.

डॉ. ममता राठोड बाजाराच्या दिवशी यवतमाळहून आर्णीला येतात. मी रशीदासोबत गेले. डॉक्टरांनी पाऊण तास प्रश्न विचारले. पायात कधी रक्ताची गाठ झाली होती का? छातीत गाठ? घरात कोणाला स्तनाचा कर्करोग? हृदयाचा, लिव्हरचा त्रास? लकवा? तंबाखू? मग रक्तदाब मोजला, छाती तपासली, सोनोग्राफी केली आणि छातीच्या फोटोसाठी, म्हणजे मॅमोग्राफीसाठी, यवतमाळला पाठवलं. बाहेर आल्यावर रशीदा म्हणाली, "एवढे प्रश्न तं अतियाच्या सासरच्यायनं बी नव्हते इचारले."

सगळे रिपोर्ट चांगले आल्यावर डॉक्टरांनी औषध दिलं. एक जेलची बाटली आणि एक गोळ्यांचं पाकीट. त्या काय म्हणाल्या ते मला चांगलं आठवतं, कारण त्यांचं बोलणं शिकवणाऱ्या माणसासारखं होतं. एक गोष्ट दोनदा सांगायची, पण वेगवेगळ्या शब्दांत.

"शरीरात इस्ट्रोजेन नावाचं एक द्रव्य असते, ते आता कमी झालं. म्हणून हा जाळ. हे जेल रोज हाताले लावायचं, त्यातून ते थोडं थोडं आत जाईन. लावल्यावर हात धुवायचे आणि सुकेपर्यंत लेकराले उचलायचं नाही. ही गोळी वेगळी. ही महिन्यातले बारा दिवस, रात्री झोपताना. गुंगी येते, म्हणून रात्रीच. तुमची गर्भाची पिशवी आहे ना? मग जेल एकटं कधीच घ्यायचं नाही. नुसत्या जेलनं पिशवीच्या आतला थर वाढत राहते. गोळी त्याले आवरते. बारा दिवसांच्या गोळ्या संपल्या की थोडं पाळीसारखं जाईन, त्याले घाबरू नका. मात्र बाकी कधीही रक्त दिसलं, पायाची पोटरी सुजून दुखली, छातीत दुखलं, तर त्याच दिवशी फोन."

'पाळीसारखं जाईन' हे ऐकताना रशीदाचा चेहरा किंचित पडला. डॉक्टरांनी विचारलं, "काही इचारायचं आहे?" तिनं मान हलवली. नाही.

महिन्याभरात फरक पडला. सकाळी ती माझ्या फाटकातूनच ओरडली, "बाई, काल रात्री मी उठलीच नाही! अझान झाली तवा जाग आली!" जेलचा सुरुवातीला एक घोटाळा झाला. ती सकाळी लावून लगेच दुकानात बसायची आणि दुपारपर्यंत दोन्ही हात कापूस चिकटून कोंबडीच्या पिल्लासारखे व्हायचे. रहमतभाईंनी "चिक चिक" करून तिला दाणे टाकायची ॲक्टिंगही केली. मग ती रात्री आंघोळीनंतर लावू लागली. टाके पुन्हा सरळ रेषेत आले. दुकानासमोर उभं राहणं संपलं.

दर महिन्याच्या गोळ्यांनंतर तीन-चार दिवस थोडं रक्त जायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच. पण रशीदाला त्याचं काय वाटत होतं हे कोणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही. ते पुढे कळलं.

दिवाळी झाली की दरवर्षी मैनाबाई येतात. आर्णीपासून जवळच्याच एका गावच्या. त्यांचं आणि त्यांचे यजमान विठ्ठलराव यांचं कापूस-तुरीचं शेत आहे. घरचा कापूस पोत्यात बांधून आणायचा, समोर बसून पिंजून घ्यायचा आणि दिवसभर रशीदाशी गप्पा मारायच्या, असा त्यांचा शिरस्ता. रशीदा त्यांना जेवू घालते, आणि मैनाबाई जाताना तुरीच्या शेंगा ठेवून जातात. त्या दिवशी मीही तिथे होते, पण मी लवकर निघाले. पुढचं रशीदानंच मला सांगितलं.

हात धुवायला मैनाबाई दुकानामागच्या रशीदाच्या घरात गेल्या आणि त्यांना कोनाड्यातली जेलची बाटली दिसली.

"रशीदाभाभी! हे तुमी बी लावता?"

"काहून? तुमी बी?"

"मले त्याच राठोड म्याडमनं देल्लं. दोन वर्सं झाले. आधी तं मी कापूस येचता येचता आंगावर पानी ओतून घेत होती. बाया म्हनत, मैनी पागल झाली."

दोघी एकमेकींकडे बघून पोट धरून हसल्या. मग रशीदानं विचारलं, "अन गोळी कधी घेता? रात्रीची?"

"कोनती गोळी?"

"दुसरी. बारा दिवसाची."

"मले तं गोळी-बिळी नाही देल्ली बाप्पा. बाटलीच फक्त."

"मंग तुमाले ते... येत नाही? महिन्याचं?"

"कायले येईन? मस्त हाय मी."

आणि मैनाबाई खरोखरच मस्त होत्या. रसरशीत चेहरा, दंडात बळ. रशीदानं त्यांच्याकडे पाहिलं आणि मनाशी हिशेब केला. डॉक्टर तीच, बाटली तीच, त्रास तोच. एक बाई गोळीवाचून ठणठणीत आहे. म्हणजे गोळी काही जरुरीची नाही.

तिला एक गोष्ट विचारायची सुचली नाही. मैनाबाईंची पिशवी अडतिसाव्या वर्षीच काढलेली होती. आमच्याकडे ही गोष्ट इतकी सर्रास आहे की मैनाबाईंना ती सांगण्यासारखी वाटली नाही. त्यांच्या गल्लीत पिशवी असलेल्या बायका शोधाव्या लागतील.

रशीदानं गोळी बंद केली. जेल चालू ठेवलं, कारण जेलनं झोप येत होती. महिन्याचं रक्त थांबलं. तिला इतका आनंद झाला की त्या आठवड्यात तिनं बटाटेवडे करून आमच्या घरी पाठवले. कशाबद्दल, हे सांगितलं नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "असंच. मन झालं."

त्या आनंदाचं कारण रमजान होता.

रशीदा लहानपणापासून रोजे धरते. पाळीच्या दिवसांत रोजा धरत नाहीत. ते राहिलेले रोजे वर्षभरात केव्हातरी भरून काढायचे असतात, त्याला कझा म्हणतात. वयात आल्यापासून दर रमजानात तिचे पाच-सहा रोजे राहायचे. मग थंडीत केव्हातरी, घरातले सगळे जेवत असताना, ती एकटीच उपाशी राहून ते भरायची. पहाटे सहरी खायला एकटी उठायची, सूर्य मावळला की इफ्तारचा खजूर एकटीच तोंडात टाकायची. तिची कधी तक्रार नव्हती. पण पहिल्या चंद्रापासून ईदच्या चंद्रापर्यंत, सगळ्यांच्या सोबत, एकही न सोडता पूर्ण रमजान, हे तिला जन्मात जमलं नव्हतं. पाळी बंद झाली तेव्हा या वयाचा एवढा एकच फायदा तिला दिसला होता. आणि डॉक्टरांच्या गोळीनं तोच हिरावून घेतला होता; औषध सुरू झाल्यावरच्या पहिल्या रमजानातही तिचे तीन-चार रोजे राहिलेच होते.

रमजान सुरू झाला. मी तिला इतकी खूश कधी पाहिली नव्हती. दुपारी दुकानात टाके घालता घालता गुणगुणायची. रहमतभाई म्हणायचे, "रोजा हिले लागत नाही, मलेच लागते. घरी आलो की ही म्हनते, आज किती झाले सांगा."

अर्धा रमजान झाला असेल. एका दुपारी ती माझ्याकडे आली. खुर्चीवर बसली. तिथेच मला समजलं की काहीतरी बिघडलं आहे, कारण रशीदा माझ्याकडे खुर्चीवर बसत नाही.

"बाई, रक्त दिसून राह्यलं."

"गोळ्या संपल्या असतील ना?"

"गोळी तं मी दिवाळीपासूनच सोडली."

मग तिनं सगळं सांगितलं. मैनाबाई, बाटली, रोजे. आवाज अगदी बारीक होता.

"गोळी नाही, तरी रक्त काहून येते? डॉक्टरीनबाई म्हनाल्या होत्या, बाकी कधी दिसलं तं फोन करा. दोन दिवस झाले, मी केला नाही. बाई, माही दिग्रसची खाला, मायची बहीण, पिशवीच्या क्यान्सरनं गेली. तिले बी असंच आलं होतं, पाळी गेल्यावर. मी रोज्यापाई सवताले मारलं काय?"

मी तिच्या हातावर हात ठेवला. उत्तर मला माहीत नव्हतं, आणि रशीदाला खोटा धीर दिला की ती लगेच ओळखते. मी फोन लावला. डॉक्टर म्हणाल्या, "बाजाराच्या दिवसाची वाट नका पाहू. उद्या यवतमाळले आणा."

दवाखान्यात डॉक्टरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.  रागावतील म्हणून रशीदा खाली मान घालून बसली होती. डॉक्टरांनी फक्त एक प्रश्न विचारला.

"मैनाबाईची पिशवी आहे का?"

रशीदानं मान वर केली.  मग कपाळावर हात मारून घेतला.

"नाही हाय. काढली. मले माहीत हाय, मीच तिच्यासाठी नरम गादी भरून देल्ली होती तवा. आपरेशनवाली म्हनून."

"म्हणून तिले गोळी नाही. तिथं थर धरायले काही नाहीच. तुमची पिशवी जागेवर आहे. इस्ट्रोजेन त्यात थर भरत गेलं आणि तुम्ही आवरणारं औषधच बंद केलं."

रशीदा हळूच म्हणाली, "भरत गेली, अन टाके घातलेच नाही."

"अगदी असंच," डॉक्टर म्हणाल्या.

त्यांनी सोनोग्राफी केली. थर जाड झाला होता. आतला तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल, असं त्या म्हणाल्या. तुकडा काढताना रशीदानं माझं बोट धरलं होतं. दाभण चालवणारा हात, बोट दिवसभर दुखत होतं. रिपोर्ट येईपर्यंत जेल बंद ठेवायचं ठरलं.

ते दिवस वाईट गेले. जाळ परत आला. रक्त होतं तोवरचे रोजे तिनं सोडले, आणि रमजानात पुन्हा एकदा सगळ्यांच्या मागे राहिली.  दुकानात येऊन बसायची, काम करायची, घाम पुसायची. रहमतभाईंनी तिला एकदाही भट्टी म्हटलं नाही. तिनं सांगितल्यापासून त्यांची थट्टाच बंद झाली होती, आणि दुकान त्यामुळे फार शांत वाटायचं.

एक दिवस मी गेले तर दुकानाच्या छताला नुसता हुक. पंखा नव्हता. मागच्या ओसरीतून ठोकण्याचा आवाज येत होता. रहमतभाई स्टुलावर चढून ओसरीत पंखा बसवत होते.

"बाई, पाहा ना," ते म्हणाले. "कापूस उडते तो खुला असला तर. एकदा का खोळीत भरून तोंड शिवलं की मंग काय उडनार हाय? भरनं पुढं होईन, टाके इकडं मागं घालायचे. इतके वर्स डोक्यात नाही आलं. हे डोकं बी आता पिंजून घ्या लागते."

रशीदा दारात उभी होती. हसून म्हणाली, "तुमच्या डोक्यात कापूस तं हायच, पिंजायचाच राह्यला."

त्या दिवसांतलं ते तिचं पहिलं हसणं.

रिपोर्ट ईदच्या दोन दिवस आधी आला. डॉक्टरांनी स्वतः फोन केला. थर जाड होता, पण त्यात वाईट काही नव्हतं. कॅन्सर नाही. मी हे मोठ्यानं सांगितलं, तेव्हा रशीदा ओसरीत अर्ध्या शिवलेल्या गादीवर बसली होती. ती तशीच आडवी झाली आणि पंख्याकडे बघत पडून राहिली. दुसऱ्याच्या गादीवर ती आयुष्यात पहिल्यांदाच आडवी झाली असेल. रहमतभाई म्हणाले, "गिऱ्हाइकाले काय सांगू, वापरलेली हाय म्हनून?" आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

ईद झाल्यावर आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो.

"काही महिने नुसती गोळी," डॉक्टर म्हणाल्या. "थर खाली आला का ते सोनोग्राफीत पाहू. मग जेल पुन्हा सुरू, पण आता पद्धत बदलू. गोळी बारा दिवस नाही, रोज. कमी ताकदीची. रोज घेतली की महिन्याचं रक्त सहसा येत नाही. सुरुवातीचे काही महिने थोडे डाग दिसू शकतात, ते मले सांगत जा. पुढं मात्र बंद. पहिल्या वर्षी मुद्दाम अशी नव्हती देली, कारण पाळी नुकतीच थांबली होती, तेव्हा रोजच्या गोळीनं कधीही अवेळी रक्त येते. आता चालते."

रशीदानं विचारलं, "म्हनजे रोजे...?"

"गोळी रात्रीची, जेल रात्रीचं. रोज्याले कुठं आडवं येते? हे तुम्ही मले पहिलेच सांगतलं असतं तर मी रमजान पाहून काहीतरी बसवलं असतं. पण एकटीनं काही बंद करू नका."

"तुमी इचारलं नाही," रशीदा म्हणाली. मग स्वतःच दचकली आणि माझ्याकडे पाहिलं.

डॉक्टर हसल्या. "खरं आहे. मी गाठी इचारल्या, तंबाखू इचारली. रोजे नाही इचारले. आता इचारत जाईन."

पावसाळ्यात सोनोग्राफी चांगली आली आणि जेल परत सुरू झालं. थोडे दिवस डाग आले, तिनं ते न लाजता फोनवर सांगितले, मग थांबले. वर्षातून एकदा छाती, रक्तदाब, पिशवी तपासून घ्यायची असं ठरलं आहे, आणि ती तारीख तिच्याइतकीच रहमतभाईंच्या लक्षात असते.

पुढच्या दिवाळीनंतर मैनाबाई कापूस घेऊन आल्या. आता दोघी पंख्याखाली ओसरीत बसल्या होत्या, मीही होते. रशीदानं त्यांना झालेलं सगळं सांगितलं. मैनाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"माय वो! म्हनजे माह्यामुळं तू मेलीच असती की!"

"तुमी काय केलं? मीच शहानी."

"शहानी कायची! गादी भरताना दहादा इचारते, कोन झोपनार, कोन झोपनार. औषधाले नाही इचारता आलं? माह्यासाठी भरलेली गादी तू आपल्या खाटेवर टाकली!"

रशीदानं दाभणात दोरा ओवला.

 थैलीतून शेंगा काढता काढता मैनाबाईंचा हात थांबला. "भाभी, एक सांगू? माही जाऊ भुरीबाई लय तळमळून राह्यली रात्रीची. मी तिले माही अर्धी बाटली देनार होती. आजच घरी गेली की."

रशीदानं दाभण खाली ठेवलं.

"तिची पिशवी हाय का काढली?"

"हाय. तिची हाय."

"छातीत गाठ-गिठ? पायाची? बीपी?"

"मले काय मालूम!"

"मंग बाटली झाकून ठेवा. बाजाराच्या दिवशी तिले घेऊन या. बाई येतीन सोबत." माझ्याकडे न बघताच तिनं मला कामाला लावलं. "अन मैनाबाई, तिले सांगजा, राठोड म्याडम लय प्रश्न इचारतात. सगळ्याचं उत्तर द्याचं. अन त्यायनं नाही इचारलं ते बी सांगायचं."

भुरीबाईंना घेऊन मी गेले. त्यांचा रक्तदाब इतका वाढलेला निघाला की डॉक्टरांनी आधी तोच ताब्यात आणायचं ठरवलं. भुरीबाईंना वाईट वाटलं, पण जाताना त्या रशीदाच्या दुकानात थांबून एका उशीची वर्दी देऊन गेल्या.

थंडीत रशीदानं मागच्या रमजानातले राहिलेले रोजे कझा म्हणून भरले. दिवस लहान होते. या वेळी ती एकटी नव्हती. पहिल्या दिवशी रहमतभाईंनी तिच्यासोबत रोजा धरला, का ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र दुपारीच चहावाल्याकडे दिसले. "एक सवाब पुरे," पुण्याचा हिशेब करत म्हणाले.

यंदाचा रमजान नुकताच संपला. मी मुद्दाम काही विचारलं नाही. मधे कधी दुकानात गेले तर ती ओसरीत टाके घालत असायची, पंखा चालू, चेहऱ्यावर थोडा थकवा आणि बाकी सगळं जागच्या जागी. शेवटच्या दिवशी संध्याकाळी चंद्र दिसल्याचे फटाके वाजले. मी अंगणात होते. रस्त्यापलीकडे त्यांच्या गच्चीवर ती दिसली. तिनं वर बोट केलं, मग मला खुणेनं दाखवलं. मी मोतीबिंदूच्या डोळ्यांनी शोधत राहिले आणि दिसल्यासारखी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ती शीरखुर्म्याचा डबा घेऊन आली. नवी निळी ओढणी, भुवयांवर आज कापूस नव्हता, त्यामुळे वेगळीच दिसत होती. डबा माझ्या हातात दिला आणि नेहमीप्रमाणे फरशीवर बसली.

"झाले?" मी विचारलं.

"झाले, बाई. एक बी नाही सुटला." ती थोडा वेळ स्वतःशीच हसत राहिली. "अन गोळी बी एक नाही सुटली. काल गडबडीत जेवनं उशिरा झाली, पाहुने होते. झोपाले गेली तं उशीवर पाकीट अन पान्याचा गिलास ठेवलेला. मी म्हनलं, कोन ठेवलं? तं हे तिकडं तोंड करून घोरून राह्यले होते. खोटं घोरत होते. खरं घोरनं मी ओळखते ना."

मग तिनं डब्याकडे बोट दाखवलं. "खा ना, बाई. थंड होते."